पांढरीवरचं ओलं सारवण

आधीच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये कुणी मला शिकवायला नको. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. नाशिकजवळ अंबडला एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे, एकवीस वर्षं. दिवसभर लोखंडाचे तुकडे मोजायचे आणि केसाइतका फरक निघाला तरी माल परत पाठवायचा, हे माझं काम. दारात लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. अंगात येणाऱ्या बायकांना तर तोंडावर हसलेय. तेव्हा खालचं वाचून तुम्ही मला हसलात तर हसा, माझी तक्रार नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी माझं पहिलं मूल गेलं. आठव्या महिन्यात अचानक त्रास सुरू झाला, नाशिकच्याच एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, रक्त थांबेना. दोन दिवस मला कसलीच शुद्ध नव्हती. शुद्धीवर आले तेव्हा यांनी — म्हणजे माझ्या नवऱ्याने — सांगितलं की मुलगा होता, एक दिवस जगला. गावी नेऊन पुरलाही होता. मी त्याला पाहिलं नाही. नऊ महिने भरायच्या आतच सगळं आटोपलं होतं, आणि ते माझ्याशिवाय आटोपलं होतं.

आमच्याकडे दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. पुरायला पुरुष जातात. आईने त्या जागेकडे फिरकायचंसुद्धा नाही, फिरकली तर पुढचं मूल टिकत नाही — असं सासूबाई सांगायच्या. "पांढरीच्या पायथ्याला तळ्याच्या अंगाला बाभळ हे ना, तिथं ठिवलंय. आता तू त्याचा इचार करायचा नाय," एवढं त्या माझ्या उशाशी बसून म्हणाल्या आणि विषय मिटला.

पांढरी म्हणजे काय ते सांगते. सासर चांदवडच्या अलीकडे, हायवे सोडून आत आठ-नऊ किलोमीटर. गावाचं नाव देत नाही, उगाच लोक बघायला जातील. गावाबाहेर जुनं तळं आहे आणि तळ्याच्या काठाला एक टेकाड — दोन मजली घराएवढं उंच, राखेसारख्या पांढुरक्या मातीचं. कधीकाळी तिथे वस्ती होती, ती खचून त्याचं टेकाड झालं, हे गावातल्या कुणालाही माहीत असतं. वर चाललं की पायाखाली खापरं वाजतात. ती माती चिकट आणि चांगली, म्हणून बायका पाट्या भरभरून आणतात आणि चुली-भिंती सारवतात. शेतात टाकायला ट्रॅक्टर भरून नेणारेही आहेत. टेकाड निम्मं तसंच संपलं. पायथ्याला गावातली तान्ही पोरं पुरतात, फार पूर्वीपासून.

मी तिकडे गेले नाही. दोन वर्षांनी मुलगी झाली, तिला दात आले, शाळेत गेली, आता बारावीला आहे आणि क्लाससाठी लातूरला राहते. तरी मी गेले नाही. मांजर आडवं गेलं म्हणून कधी स्कूटर न थांबवणारी मी, त्या एका बाभळीला एवढी वर्षं घाबरून राहिले. सवड नाही, कांद्याचे दिवस आहेत, मुलीची परीक्षा आहे... स्वतःला सांगायला कारणं मला भरपूर होती. एवढंच करायचे की दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे गावी निघाले की छोट्या बाटलीत दूध द्यायचे. "तिथे ओता," म्हणायचे. हे मान हलवायचे आणि बाटली पिशवीत टाकायचे.

सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात पुण्याहून कुठल्याशा कॉलेजची मुलंमुली आली आणि पांढरीवर चौकोनी खड्डे घेऊन खणून गेली. मला त्याचा पत्ता नव्हता. मे महिन्यात माझ्या मोठ्या जाऊबाईंनी — मंदाताईंनी — फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला. मातीत आडवी पडलेली दोन मडकी, तोंडाला तोंड लावलेली, एक फुटलेलं. खाली लिहिलं होतं, 'आपल्या पांढरीत सापडलं. आत बारक्या लेकराची हाडं होती.' पुढे हात जोडलेले दोन इमोजी.

मी कॅन्टीनमध्ये होते. डबा तसाच राहिला. ते मूल जुन्या काळातलं आहे, हजारो वर्षांपूर्वीचं आहे, हे कळायला काय अक्कल लागते? पण माझ्या डोक्यात एकच — त्या पोरांनी बाभळीखालीही खणलं असेल का? माझं लेकरू कुणी उकरून पिशवीत तर भरलं नाही? एवढी वर्षं त्याच्याकडे न गेलेली आई त्या दिवशी एकदम जागी झाली. मलाच माझी लाज वाटली.

घरी येऊन यांना म्हटलं, रविवारी गावी जाऊ, मला ती जागा बघायची आहे.

"कशाला?" हे टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले. "ऊन किती आहे. आणि आता तिथे काय राहिलंय बघायला?"

"माझं मूल राहिलंय."

"वैशाली, एकोणीस वर्षं झाली."

"मग तर जायलाच हवं."

"मला रविवारी जमणार नाही," म्हणाले आणि उठून बाथरूममध्ये गेले. बराच वेळ आत होते. मला वाटलं, रडतायत. वाईट वाटलं मला त्यांचं! आता लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

रविवारी मी एकटीच निघाले. सकाळी सातला नाशिकच्या द्वारका चौकातून मालेगावची एसटी धरली, फाट्यावर उतरले, पुढे काळीपिवळीने गावात. पोचले तेव्हा दहा वाजत आले होते. मंदाताई कांदाचाळीत कांदा भरण्यात गुंतल्या होत्या, डोक्याला टॉवेल, अंगभर फोलपटं. मला बघून आधी खूश झाल्या, मग का आले ते ऐकून हातातली पाटी त्यांनी खाली ठेवली.

"आगं, आत्याबाई नाय म्हनायच्या ना..."

"आत्याबाई नाहीत आता, ताई. आणि पुढचं मूल व्हायचं माझं वयही नाही. जागा दाखवा."

"मला तरी कुठं ठाव हाय? गड्यांनीच नेलं आसंल. बायांना कोन सांगतं? मी तवा बाळंतपनाला माहेरी व्हते." तरी हात धुऊन त्या माझ्यासोबत निघाल्या.

तळं आटत आलं होतं. मध्ये हिरवट पाणी, त्यात चार-दोन बगळे, आणि काठापासून पाण्यापर्यंत भेगाळलेला चिखल. पांढरीच्या पायथ्याला खरंच एक म्हातारी बाभळ होती. तिच्याखाली खणलेलं काही नव्हतं, दगडसुद्धा हललेला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ताईंना फोन आला, चाळीवर ट्रॅक्टर आला होता. "तू ये सावकाश. लय येळ थांबू नको उन्हाची," म्हणून त्या गेल्या. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. ते मी बघितलं, कारण वेळ बघायची मला सवयच आहे.

मी बाभळीखाली बसले. दुधाची बाटली काढली. काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण बाटलीचं झाकणच उघडत-लावत बसले. खरं सांगायचं तर काही वाटतही नव्हतं. एवढ्या लांबून आले, आणि रडू येत नाही, याचाच राग यायला लागला. तेव्हा वरून आवाज आला — ओल्या मातीवर हात फिरल्याचा, सप्-सप् असा. लहानपणी आई अंगण सारवायची तेव्हाचा तो आवाज माझ्या कानात पक्का बसलेला आहे.

मी टेकाड चढून वर गेले. पुण्याच्या मुलांनी बुजवलेला खड्डा होता, त्यावर प्लास्टिक आणि मातीची पोती. त्याच्या पलीकडे एक बाई उकिडवी बसून जमीन सारवत होती. वय पंचेचाळीस-पन्नास, काळीसावळी, अंगावर मातीच्याच रंगाचं लुगडं, हातात बांगडी नाही. मला वाटलं माती न्यायला आली असेल. उघड्या टेकाडावर ती सारवत का बसलीय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

"मावशी," मी विचारलं, "इथं तान्ही लेकरं कुठं पुरतात, माहितीये का तुम्हाला?"

तिने मान वर केली नाही. "माझं हितं हाय," म्हणाली आणि सारवलेल्या जागेवर हलकेच थाप मारली. "घरात."

"घरात?"

"मंग? भायेर कशाला ठिवायचं लेकरू? पावसापान्याचं?" हात चालूच. "तुजं कुठं हाय?"

"खाली. बाभळीखाली."

"नाय."

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. "तळ्याच्या बाजूची बाभळ. एकोणीस वर्षं झाली."

"त्या बाभळीखाली तुजं कायबी नाय, बाय. तुजं मातीत आलंच नाय." इतक्या सरळ बोलली, जणू बाजारात भाजी संपलीय सांगतेय. "तुज्या मालकानं हातातबी धरलं नाय. तोंडावरचं फडकं बाजूला करून बघितलंबी नाय त्यानं. दिऊन टाकलं."

लोक अशा वेळी घाबरतात म्हणे. मला राग आला. "मावशी, तोंड सांभाळून बोला," मी म्हटलं. "तुम्ही कोण मला सांगणाऱ्या?"

तिने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. चेहरा काही भयंकर वगैरे नव्हता. थकलेली बाई होती, आणि तिच्या नजरेत माझी कीव होती. ती मला सहन झाली नाही. मी वळले, दोन पावलं बाजूला जाऊन तळ्याकडे तोंड करून उभी राहिले. पदराने डोळे पुसले. किती वेळ? दहा सेकंद, फार तर पंधरा. मागे फिरले तर बाई नव्हती.

टेकाड चहूबाजूंनी उघडं आहे. लपायला वर झुडूपसुद्धा नाही. उतरायला लागली असती तर खापरं वाजली असती. मी चारी कडांवर जाऊन खाली पाहिलं... कुणी नाही. पण सारवण होतं. पाळण्याएवढा तुकडा, बोटांच्या अर्धगोल रेघा उठलेल्या, आणि ओला. मी हात लावून बघितलं, गार होतं. मे महिन्यातल्या साडेअकराच्या उन्हात ओली माती तशी किती वेळ राहील, तुम्हीच सांगा. पाण्याचं भांडं नव्हतं. पाणी तीनशे पावलांवर, आणि मधल्या चिखलावर बगळ्यांच्या नखांशिवाय काही उमटलेलं नव्हतं.

फोटो काढलाय मी. त्यात सारवण दिसतं, ओलं आहे हेही दिसतं. त्यावरून काय सिद्ध होतं? काही नाही. एवढी समज माझ्या धंद्याने मला दिली आहे. मीच ते सारवलं असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

बाटलीतलं दूध मी बाभळीखाली ओतलं नाही. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. मी ते त्या सारवलेल्या जागेच्या कडेला ओतलं, तिच्या लेकराला. मग खाली उतरले आणि मंदाताईंकडे पाणी पिऊन, जेवायला न थांबता, मिळेल त्या गाडीने नाशिकला परत आले. वाटेत पंचवीस वेळा ठरवलं की घरी काही विचारायचं नाही. वेड्या बाईने काहीतरी बरळायचं आणि आपण नवऱ्याला जाब विचारायचा? माझ्यासारख्या बाईने?

संध्याकाळी साडेपाचला घरी पोचले. गंगापूर रोडला आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. हे बाल्कनीत पेपर घेऊन बसले होते. चप्पलही काढली नाही मी. "त्याला पुरलंच नाही ना?" म्हटलं.

मला वाटलं होतं, चिडतील, वेड लागलं का म्हणतील. मला तेच हवं होतं, खरं तर. यांनी पेपरची घडी घातली, ती मांडीवर ठेवली आणि विचारलं, "कुणी सांगितलं तुला?"

बास. एवढंच पुरे होतं.

नंतर सगळं बाहेर आलं, तुकड्यातुकड्यांनी. रात्रभर माझ्यासाठी यांची धावपळ, रक्ताच्या बाटल्या, डॉक्टर म्हणालेले की बाईचीच खात्री नाही. सकाळी दवाखान्यातल्या कुणीतरी येऊन सांगितलं, बाळ गेलं, घेऊन जाताय की आम्ही बघू? हे म्हणाले, तुम्हीच बघा. एक सही केली. गुंडाळलेलं कुणीतरी समोर आणलं होतं, यांनी मान फिरवली. गावी फोन केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, असं कसं केलंस रे, लोक काय म्हणतील... आणि मग त्याच म्हणाल्या, तिला सांग पांढरीला पुरलं, मी बघते पुढचं. त्यांनी बघितलं. आईने तिकडे जायचं नसतं, हे तर आमच्याकडे होतंच. रीत आयती हाताशी होती, तिचं फक्त झाकण ठेवायचं होतं.

"आणि दूध?" मी विचारलं. "दरवर्षीचं?"

"बाभळीखालीच ओतायचो," हे म्हणाले. "तू दिलंस म्हणून."

खाली काही नाही हे माहीत असताना हा माणूस दर आखाजीला तिथे उभा राहून दूध ओतत होता. टपरीवर देऊन टाकलं असतं तर मला सरळ रागवता तरी आलं असतं.

मग मला एक गोष्ट आठवली. दवाखान्यात मी रडायची थांबत नव्हते तेव्हा यांनी माझा हात धरून सांगितलं होतं, "नाक तुझ्यासारखं होतं बघ. अगदी तुझंच." त्या एका वाक्यावर मी जगलेय, हो. मुलगी झाली तेव्हा आधी तिचं नाक बघितलं. आरशासमोर उभी राहून कितीदा स्वतःच्या नाकावर बोट फिरवलंय, त्याचं म्हणून. मी यांना म्हटलं, "फडकं बाजूला केलं होतं का तुम्ही? तोंड बघितलं होतं?"

हे खाली बघत होते. "तू फार रडत होतीस," म्हणाले. "काहीतरी बोलायला हवं होतं."

तेव्हापासून आम्ही एका घरात राहतो. मी डबा करते, हे नेतात. मुलीला अजून सांगितलेलं नाही. सुटीला आली की आम्ही दोघं टेबलाशी बसून हसतोही.

गणपतीनंतर मंदाताईंकडून नंबर घेऊन मी त्या खणणाऱ्यांपैकी एका मुलीशी फोनवर बोलले. बाईचं काही सांगितलं नाही, फक्त मडक्यांबद्दल विचारलं. ती म्हणाली, त्या काळी लहान मूल गेलं की घरातच जमिनीखाली पुरायचे, आणि वरून सारवायचे. खड्ड्यात त्यांना सारवणाचे थरांवर थर मिळाले होते. हे मला मे महिन्यात माहीत नव्हतं, देवाशपथ नव्हतं. तिला मी माझा फोटो पाठवला. तिने विचारलं, हे सारवण कुणी उघडं केलंय, इथे तर आम्ही अजून खणलेलं नाही. मी म्हटलं, माहीत नाही.

तुम्हालाही तेच सांगते. ऊन होतं, पोटात काही नव्हतं, मनात एकोणीस वर्षांचं साठलेलं होतं — भास म्हणायचं तर म्हणा. यांच्या वागण्यावरून मला आधीच संशय आला असेल आणि मनाने ती बाई उभी केली असेल, असंही मी स्वतःला समजावून पाहिलंय. मग सारवणाशी येऊन अडते. आणि फडक्याशी. फडक्याचं यांनी त्यांच्या आईलाही सांगितलं नव्हतं, मी खोदून खोदून विचारलंय. दवाखाना कधीच बंद झाला. तिथले कागद कुठे गेले कुणाला ठाऊक नाही, ज्यांनी माझं लेकरू नेलं त्यांना ते आठवायचं कारण नाही. त्याचं नाक कुणासारखं होतं, हे आता जगात कुणालाच माहीत नाही.